वाचकांचे प्रश्न : कागद गिरणी जंगलाच्या दारात का आली?

जून उजाडला की वह्या-पुस्तकांच्या दुकानात गर्दी होते आणि माझ्याकडे कागदाबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं विदर्भातली आहेत आणि विषय कागद गिरणीचा आहे. माझी नोकरी एका कागद गिरणीच्या प्रयोगशाळेत, लगदा तपासण्यात झाली. संचालकांच्या खोलीत काय ठरायचं ते कागदपत्रांतून कळायचं. बांबू यार्डात काय चाललंय ते मात्र रोज डोळ्यांपुढे असायचं. म्हणून गिरणीचा इतिहास मी यार्डापासून सांगते. कंपनी कधी नोंदवली गेली ते कुठेही वाचायला मिळतं. तिला कच्चा माल कुठून, कुणाच्या हातून आणि काय भावानं मिळाला ते पाहिलं की ती तिथेच का उभी राहिली आणि पुढे कुठे अडली, हे समजायला लागतं.

प्रश्न : बल्लारपुरात ना मोठी बाजारपेठ होती, ना छापखाने, ना विद्यापीठ. मग एवढी मोठी कागद गिरणी तिथे कशी निघाली? ती काढणाऱ्या उद्योगपती थापरांनी नागपूर का निवडलं नाही?
(निवृत्त शिक्षक, वरोरा)

सर, कागद वाहून नेणं परवडतं, बांबू वाहून नेणं परवडत नाही. एक टन लगदा करायला साधारण अडीच टन वाळलेला बांबू लागतो. त्यातला निम्म्याहून अधिक भाग शिजवताना द्रावणात उतरतो, कागदात येतच नाही. जो भाग कागदात येणार नाही त्याचं रेल्वेभाडं कोण भरेल? शिवाय बांबू पोकळ. वॅगन भरलेली दिसते, वजन मात्र भरत नाही. म्हणून बांबूवर चालणारी गिरणी बाजाराकडे जात नाही, जंगलाकडे जाते.

आता बल्लारपूर नकाशावर पाहा. वर्धा नदी गावाला लागून. कागदाला पाणी अमाप लागतं. मशीनच्या जाळीवर लगदा पडतो तेव्हा त्यात ९९ टक्के पाणीच असतं. कोळशाच्या खाणी गावातच. उत्तर-दक्षिण जाणारा मोठा लोहमार्ग बल्लारशाहवरून, म्हणजे बल्लारपूरच्याच स्टेशनावरून. आणि नागभीडमार्गे गोंदियाकडे जाणारी जुनी नॅरोगेज लाइन थेट मानवेलाच्या, म्हणजे आपल्याकडच्या बांबूच्या जंगलातून. पाणी, इंधन, रेल्वे आणि बांबू एवढ्या जवळजवळ असलेल्या जागा देशात फार नव्हत्या. याच मोठ्या लोहमार्गावर थोडं खाली, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, सिरपूर पेपर मिल्सची स्थापना १९३८ मध्ये झाली होती आणि तिच्याभोवती कागजनगर वसलं. लाला करमचंद थापर यांची बल्लारपूरची कंपनी १९४५ मध्ये नोंदवली गेली. तिच्या जुन्या नावात ‘पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स’ असं होतं, म्हणजे कागदाबरोबर तणसाचा पुठ्ठाही. धानाच्या जिल्ह्यात तणसाला काय तोटा! पुढे १९७५ मध्ये कंपनीचं नाव बल्लारपूर इंडस्ट्रीज झालं.

पण सर, १९४५ च्या आधीचा एक धागा सुटू नये, कारण त्याशिवाय बल्लारपूर झालंच नसतं. बांबूपासून यंत्रावर कागद काढता येतो हे आपल्याकडे उशिरा जमलं. बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी आपल्या कागद कारखान्यासाठी १८२० मध्ये वाफेचं इंजिन आणलं. नंतर हुगळीकाठी बाली, टिटागड, तिकडे लखनौ अशा गिरण्या निघाल्या. आपल्या पुण्यात मुंढव्याला डेक्कन पेपर मिल्स, स्थापना १८८५ ची. न्यायमूर्ती रानड्यांच्या भोवतीची मंडळी तेव्हा देशी उद्योगांसाठी धडपडत होती आणि त्यांनी हाती घेतलेल्या उद्योगांत कागदही होता. या सगळ्या गिरण्या चिंध्या, जुनी पोती, सुतळीचे तुकडे आणि उत्तरेतलं सबाई गवत यांवर चालायच्या. चिंध्या पुरेनात, गवत दुरून आणावं लागे, आणि परदेशातून येणारा लाकडी लगद्याचा कागद स्वस्त पडे.

बांबूची अडचण पेराची, म्हणजे दोन कांड्यांमधल्या गाठीची होती. पेर टणक, कांडं शिजून मऊ व्हायचं तरी पेर कच्चंच राहायचं. विल्यम रेट यांनी डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं. बांबू आधी चेचायचा आणि मग टप्प्याटप्प्यानं शिजवायचा, ही त्यांची दिशा होती. मग १९२५ मध्ये सरकारनं बांबू-कागद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला आणि आयात कागदावरच्या जकातीचा आडोसा मिळाला. प्रयोगशाळेतलं काम आणि जकात या दोन गोष्टी जुळल्या, तेव्हा कुठे चांद्याच्या (आताच्या चंद्रपूरच्या) जंगलाकडे भांडवलदारांची नजर वळली.

प्रश्न : मॅडम, मी बारावीत आहे. आमच्या गावाजवळ कागद गिरणी आहे. वारा फिरला की सडक्या कोबीसारखा वास येतो. हा वास कशाचा? आत नेमकं काय करतात? वास विषारी असतो का?
(विद्यार्थिनी, चंद्रपूर जिल्हा)

तुझं रसायनशास्त्राचं पुस्तक जवळ घे, म्हणजे उत्तर पटकन कळेल.

बांबूचे चिपरमध्ये बोटाच्या पेराएवढे तुकडे होतात. ते डायजेस्टरमध्ये जातात. डायजेस्टर म्हणजे दोनमजली घराएवढा प्रेशर कुकर समज. त्यात कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांचं द्रावण असतं, तापमान १६० ते १७० अंश सेल्सिअस. बांबूचे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणारं लिग्निन या द्रावणात विरघळतं आणि तंतू सुटे होतात. तो तपकिरी लगदा. धुताना त्यातून जे काळं पाणी निघतं त्याला आम्ही ब्लॅक लिकर म्हणतो.

वास सल्फाइडमुळे येतो. गंधक लिग्निनशी अभिक्रिया करतं आणि मर्कॅप्टन नावाची संयुगं तयार होतात, सोबत हायड्रोजन सल्फाइड. आपलं नाक या वायूंच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे. अब्जात काही भाग एवढ्या प्रमाणातही ते ओळखतं. म्हणून वास आला म्हणजे विषबाधेची पातळी गाठली, असं होत नाही. पण वासानं डोकं दुखतं, मळमळतं, झोप मोडते, हे खरं आहे आणि ते किरकोळ समजायचं कारण नाही. वायू पकडून जाळून टाकायची व्यवस्था चांगल्या गिरणीत असते. वारंवार त्रास होत असेल तर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहून ठेवा आणि चंद्रपूरच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. नोंद असलेली तक्रार टाळणं अवघड जातं.

ब्लॅक लिकर नदीत सोडलं तर नदी मरते. ते आटवून घट्ट करतात आणि रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळतात. विरघळलेलं लिग्निन इंधन होतं, वाफ मिळते, आणि तळाशी जो वितळलेला क्षार उरतो त्यापासून चुन्याच्या मदतीनं पुन्हा कॉस्टिक बनतं. हे चक्र पूर्ण चाललं तर गिरणीचा खर्चही वाचतो आणि नदीही वाचते. बांबूच्या गिरणीत यात एक विघ्न असतं, ते म्हणजे सिलिका. बांबूत वाळूचा अंश भरपूर. तो आटवण्याच्या नळ्यांमध्ये दगडासारखा बसतो आणि चुन्याच्या गाळातही उतरतो, त्यामुळे तो गाळ पुन्हा भाजून वापरता येत नाही. बांबूवर चालणाऱ्या गिरण्यांच्या मागे पांढऱ्या गाळाचे ढीग दिसतात ते यामुळे.

आता माझ्या टेबलावर काय चालायचं ते सांगते, कारण तू ही चाचणी कॉलेजात करू शकशील. लगदा किती शिजला हे ठरवायला आम्ही ‘कप्पा नंबर’ काढायचो, म्हणजे लगद्यात किती लिग्निन उरलं ते सांगणारा आकडा. लगद्याचा मोजून घेतलेला नमुना पाण्यात सुटा करायचा, त्यात आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट घालायचं, दहा मिनिटं थांबायचं. उरलेलं लिग्निन परमँगनेट खातं. मग पोटॅशियम आयोडाइड टाकून क्रिया थांबवायची आणि थायोसल्फेटनं टायट्रेशन. शेवटी स्टार्चचे थेंब टाकले की द्रावण निळंशार होतं आणि ब्युरेटच्या एका थेंबावर तो निळा रंग एकदम जातो. तो थेंब ओळखायला हात बसावा लागतो. आकडा जास्त आला तर बांबू कच्चा राहिला, पुढे ब्लीचिंगला रसायन जास्त जाणार. आकडा फार कमी आला तर तंतूही जळाले, कागद कमजोर होणार. आमचा आकडा फोनवरून डायजेस्टरला कळवला की तिकडचा माणूस पुढच्या घाण्याची वेळ ठरवायचा.

ब्लीचिंगबद्दल एवढंच सांगते की पूर्वी सरळ क्लोरीन वायू वापरत. त्यातून डायॉक्सिनसारखी घातक संयुगं तयार होतात हे १९८० च्या दशकात जगभर ध्यानात आलं. आता चांगल्या गिरण्या क्लोरीन डायऑक्साइड वापरतात.

प्रश्न : आमचं घराणं बुरडकाम करणारं. आजोबा सांगायचे, ‘सूप विणायला एक बांबू आणला तर गार्ड हटकायचा आणि गिरणीच्या ट्रका रात्रंदिवस जायच्या.’ गिरणीला बांबू खरंच आमच्यापेक्षा स्वस्त मिळत होता का?
(प्राथमिक शिक्षिका, धानोरा, जि. गडचिरोली)

बाई, तुमच्या आजोबांनी जे पाहिलं ते देशभर घडत होतं, आणि माझ्या मते कागद गिरण्यांच्या इतिहासातला हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

याचा सगळ्यात नीट अभ्यासलेला दाखला शेजारच्या कर्नाटकातला आहे. काळी नदीकाठी दांडेलीला १९५० च्या दशकात वेस्ट कोस्ट पेपर मिल उभी राहिली. सरकारनं तिला वनातला बांबू टनाला दीड रुपया या दरानं देऊ केला. बुरडाला तोच बांबू बाजारात याच्या कितीतरी पट भावानं घ्यावा लागे. बांबू विरळ व्हायला लागला तशी बुरडांनी ओरड केली, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यात कर्नाटक सरकारनं आपल्या पुण्याच्या, पण तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असलेल्या पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांना अभ्यास करायला सांगितलं.

त्या अभ्यासातली एक गोष्ट तुम्ही शाळेत मुलांना जरूर सांगा. तिकडचा बांबू काटेरी. बेटाच्या बुडाशी काट्यांचं दाट जाळं असतं. वनखात्याची आणि गिरणीची माणसं हे जाळं छाटून टाकायची. समजूत अशी की बेट मोकळं झालं की बांबू जोमानं वाढेल आणि तोडायलाही सोपं जाईल. गावकरी म्हणत होते, काटे काढू नका, आत नवा कोंब येतो तो काट्यांमुळे वाचतो. गाडगीळांनी बेटं मोजून पाहिली. गावकऱ्यांचं बरोबर निघालं. काटे गेलेल्या बेटांत गुरं, माकडं, सायाळ येऊन कोंब खात होती आणि बेट हळूहळू म्हातारं होत होतं. पदवीधर वनाधिकाऱ्यांना जे दिसलं नाही ते बुरडाला आणि गुराख्याला माहीत होतं. माझ्यासारख्या प्रयोगशाळेतल्या माणसाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. मोजणारा माणूस गावाकडे गेला म्हणून ती सिद्ध झाली.

आपल्याकडचा मानवेल बिनकाट्यांचा, पण प्रश्न तोच. एका वर्षाच्या आतली काठी तोडायची नाही, बेटात ठरावीक काठ्या राखायच्या, तीन-चार वर्षांच्या फेऱ्यानं त्याच कूपात (तोडीसाठी आखलेल्या तुकड्यात) परत यायचं, पावसाळ्यात कोंब फुटायच्या वेळी तोड बंद ठेवायची, हे नियम कागदावर होतेच. पण मजुराला बंडलामागे पैसे मिळत असतील तर तो हाताला येईल ती काठी तोडणार. यार्डात आलेल्या मालात कोवळ्या काठ्या दिसायच्या. कोवळ्या बांबूत स्टार्च जास्त, त्याला भुंगा पटकन लागतो. थप्पीखाली पिवळी भुकटी साचलेली दिसली की आम्हाला कळायचं, हा माल वजनाला कमी भरणार आणि लगदाही कमी देणार. म्हणजे जंगलाचंही नुकसान आणि गिरणीचंही.

माझं स्पष्ट मत आहे की स्वस्त बांबूनं कागद गिरण्यांचं भलं केलं नाही. जी वस्तू जवळजवळ फुकट मिळते ती लावायचा, राखायचा विचार कोण करतो? जंगल आपलं नाही, भाव आपल्या खिशाला लागत नाही, मग पुढच्या चाळीस वर्षांची काळजी कुणी करायची? मानवेलाला काही दशकांनी एकदा सर्वत्र फुलोरा येतो आणि बेटंच्या बेटं मरतात. बी रुजून नवं बेट तोडीला यायला वर्षं जातात. एवढा मोठा उद्योग उभा करताना ही गोष्ट पहिल्या पानावर असायला हवी होती. दांडेलीच्या गिरणीला पुढे लांबच्या राज्यांतून बांबू आणावा लागला. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनं स्पष्ट म्हटलं की उद्योगांना सवलतीच्या दरानं वनमाल देणं थांबवावं आणि उद्योगांनी शेतकऱ्यांच्या मदतीनं आपला कच्चा माल आपण वाढवावा. मग निलगिरी आणि सुबाभूळ यांचा जमाना आला. पण हे चाळीस वर्षं आधी व्हायला हवं होतं.

आणि तुमच्या तालुक्याचा इतिहास तर तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिला असेल. १९९० च्या दशकात मेंढा (लेखा) गावानं कागद गिरणीसाठी होणाऱ्या बांबूतोडीला विरोध केला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याच गावची. गावचे कार्यकर्ते देवाजी तोफा यांनी आणि गावकऱ्यांनी सगळे निर्णय सर्वसहमतीनं घेतले, आणि जंगलाचा अभ्यासही केला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज, म्हणजे लाकडाव्यतिरिक्तचा वनमाल मानलं. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात मात्र बांबू ‘वृक्ष’ होता, आणि त्याच आधारावर वनखातं वाहतूक परवाना द्यायला तयार नव्हतं. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू गावाबाहेर न्यायचा परवाना मिळेना. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर गावानं आपला बांबू आपण विकला.

आजोबांना ज्या एका बांबूसाठी हटकलं जायचं, त्या बांबूवर आता ग्रामसभेची सही चालते. तुमच्या गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झाला आहे का, ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या. आणि घराण्यातल्या कुणाच्या शेतात बांबू असेल तर २०१७ च्या दुरुस्तीनं वनाबाहेर वाढलेला बांबू ‘वृक्षा’च्या व्याख्येतून काढला आहे, हेही सगळ्यांना सांगा.

प्रश्न : वहीच्या मागे ‘५४ जीएसएम’ लिहिलेलं असतं. म्हणजे काय?
(पालक, नाशिक)

एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, तो आकडा. घरी पडताळून पाहा : ए-फोर आकाराचे १६ कागद म्हणजे एक चौरस मीटर. ८० जीएसएमचा एक ए-फोर कागद ५ ग्रॅमचा, म्हणून ५०० कागदांचं रीम अडीच किलोचं. वजन कमी भरलं तर कागद लिहिल्यापेक्षा हलका आहे. लहान मुलांच्या वह्या फार पातळ कागदाच्या घेऊ नका. शाई पलीकडे उमटते आणि मुलं एकाच बाजूला लिहितात.

प्रश्न : माझे वडील वर्तमानपत्राचे एजंट होते. ‘आज नेपाचा कागद आलाय’ असं ते म्हणायचे. नेपानगर आमच्यापासून जवळ, पण त्या गिरणीचा इतिहास कुणी नीट सांगत नाही.
(वृत्तपत्र विक्रेते, भुसावळ)

दादा, नेपानगरचा पाया नागपुरात घातला गेला असं म्हटलं तरी चालेल. २६ जानेवारी १९४७ ला ‘नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स’ ही खासगी कंपनी सुरू झाली. तिला भांडवल पुरेना. १९४९ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सरकारनं, म्हणजे नागपूरच्या राजधानीतून चालणाऱ्या सरकारनं, ती ताब्यात घेतली. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी गिरणी देशाला अर्पण केली आणि १९५९ मध्ये केंद्र सरकारकडे तिचा ताबा गेला. गिरणी सुरू होईपर्यंत आपली वर्तमानपत्रं परदेशी कागदावर छापली जायची. १९८१ पर्यंत देशात वृत्तपत्राचा कागद बनवणारी ती एकटीच होती.

तिथेही जागा जंगलानंच ठरवली. सातपुड्याच्या त्या पट्ट्यात सालईची झाडं विपुल. सालईचं लाकूड मऊ, फर्निचरला उपयोगाचं नाही, पण दळून लगदा करायला बरं. सालईचा दळलेला लगदा आणि ताकदीसाठी बांबूचा शिजवलेला लगदा, असं ते मिश्रण होतं. सालई वर्तमानपत्राच्या कागदाला चालवणं हे जगात फारसं कुणी केलं नव्हतं. परदेशी स्प्रूसच्या कागदाशी तुलना करून नेपाला नावं ठेवणारे पुष्कळ होते. मला मात्र त्या तंत्रज्ञांचं मोठेपण वाटतं. जे झाड हाताशी होतं त्यातून त्यांनी देशाची वर्तमानपत्रं छापून दाखवली.

वडिलांच्या काळात कागद हा राजकारणाचाही विषय होता. १९६० मध्ये सरकारनं किती पानांचं दैनिक काय किमतीला विकायचं ते ठरवणारा आदेश काढला. त्याला पुण्याच्या ‘सकाळ’नं आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. पुढे कागदटंचाईचं कारण देऊन दैनिकाला दहा पानांची मर्यादा घातली, तीही १९७२ मध्ये न्यायालयात टिकली नाही. त्या वर्षांत एजंटांच्या हाती पातळ अंक पडायचे, वडिलांनी ते नक्की पाहिलं असणार.

नंतर सालई कमी झाली, गिरणी रद्दी कागदाकडे वळली, स्वस्त आयात कागदापुढे टिकाव लागेना. नूतनीकरणासाठी अनेक वर्षं बंद राहून २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. वडिलांच्या आठवणी तुमच्या हयातीत लिहून काढा. गठ्ठ्यावर कोणत्या गिरणीचा शिक्का होता, कागद ओला झाला तर काय करायचे, गाडी चुकली तर अंक कसे पोचायचे, हे कंपनीच्या अहवालात कुठेच सापडणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे पेशवाईतले मोडी कागद आहेत, ते अजून शाबूत आहेत. पण आजोबांची १९४० च्या सुमाराची पुस्तकं हात लावला की तुटतात. जुना कागद टिकतो आणि त्यामानानं नवा मोडतो, असं का?
(गृहिणी, सातारा)

मोडी कागद हातकागद आहेत, बहुधा जुन्नर किंवा दौलताबादकडचे. चिंध्या, ताग, जुने दोर कुटून केलेला लगदा. त्यातले तंतू लांब आणि लिग्निन फारसं नाही. वर खळ लावून दगडानं घोटायचे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि पुण्यात कसब्यातल्या कागदीपुऱ्यात ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत होती.

आजोबांची पुस्तकं गिरणीच्या कागदाची. त्या काळी शाई फुटू नये म्हणून लगद्यात राळ आणि तुरटी घालत. तुरटीमुळे कागद आम्लधर्मी होतो आणि आम्ल तंतूंचे तुकडे करत राहतं. युद्धाच्या टंचाईत दळलेल्या लाकडाचा, लिग्निनवाला लगदाही पुस्तकांत गेला. उजेडात तो पिवळा पडतो. अलीकडचा चांगला छपाईचा कागद आम्लाशिवाय, खडूची भुकटी घालून करतात, तो टिकेल.

पुस्तकं उन्हापासून आणि स्वयंपाकघराच्या वाफेपासून दूर ठेवा, पारदर्शक चिकटपट्टी अजिबात लावू नका. मोडी कागदांना प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका; स्वच्छ सुती कापडात बांधा, पूर्वी दप्तर बांधत तसंच. आणि मोडी वाचणारं कुणी भेटलं तर आधी ते वाचून घ्या.

प्रश्न : माझ्या भाच्याला कागद तंत्रज्ञान शिकायचं आहे. घरचे म्हणतात, गिरण्या बंद पडतायत, कशाला जातोस? काय सांगू?
(बँक कर्मचारी, नागपूर)

घरच्यांची भीती निराधार नाही. सिरपूरची गिरणी २०१४ मध्ये बंद पडली होती, ती २०१८ मध्ये नव्या मालकाकडे गेल्यावर चालू झाली. बल्लारपूर इंडस्ट्रीज २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. गिरणी थांबली की नुसत्या पगारदारांचं घर थांबत नाही. बांबू उतरवणारे हमाल, ट्रकवाले, कॉलनीबाहेरचा भाजीवाला, सगळ्यांचं थांबतं. हे मी पाहिलं आहे आणि ते विसरता येत नाही.

पण कागदाची गरज संपलेली नाही. लिहिण्या-छापण्याचा कागद मंदावला, खोक्यांचा आणि पॅकिंगचा वाढला. देशातला बहुतांश कागद आता रद्दीपासून बनतो. शेतकऱ्यांनी लावलेलं लाकूड, उसाचं चिपाड, गव्हाचा पेंढा यांवर काम करायला माणसं हवी आहेत. पाणी कमी वापरून, नदी न बिघडवता लगदा कसा करायचा हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, आणि तो सोडवायला हुशार मुलं लागतील.

शिक्षणासाठी आयआयटी रुरकीचा सहारनपूरचा परिसर आहे. तिथल्या कागद तंत्रज्ञान संस्थेची सुरुवात १९६४ ची. केंद्रीय लगदा व कागद संशोधन संस्थाही सहारनपूरलाच. भाच्याला म्हणावं, प्रवेशाच्या आधी दोन ठिकाणी जाऊन ये. एक चालू गिरणी, आणि दुसरं गडचिरोलीतलं एखादं गाव, जिथे ग्रामसभा स्वतः बांबू विकते. हिवाळ्यात जा, तेव्हा तोड चालू असते. तिथल्या लोकांना विचार की यंदा काय भाव मिळाला आणि कोवळी काठी कशी ओळखता. त्याचं उत्तर त्याला कुठल्याच वर्गात इतकं नीट मिळणार नाही.